एका ओळीमागे किती खेपा? : ओआरएम आणि क्लाउडवरची खातेवही

"फायनल इयरला प्रोजेक्ट काय घेतलंस?" या प्रश्नाला आपल्या हॉस्टेलवर वर्षानुवर्षं दोनच उत्तरं मिळत आली आहेत. एक, लायब्ररी मॅनेजमेंट. दोन, हॉस्पिटल मॅनेजमेंट. त्यातली लायब्ररी कुठली आणि हॉस्पिटल कुठलं, हे एक्स्टर्नलनेही विचारायचं नाही असा अलिखित करार असतो! पण हल्ली काही ग्रुप कॉलेजच्या गेटबाहेर पडून खऱ्या धंद्याचं काम मागायला लागलेत, आणि ते आपल्या आसपास भरपूर आहे. कर्जतकडे भाताच्या गिरण्या आहेत, नेरळ-माथेरानच्या वाटेवर हॉटेलं आहेत, खालापूर-खोपोलीला कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप्स आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हापासून अशा बऱ्याच जणांचा हिशेब लाल चोपडीतून संगणकात गेला, आणि आता संगणकातून 'क्लाउड'वर.

क्लाउड या शब्दाने बिचकायचं कारण नाही. आपल्या खोपोलीने हा प्रयोग फार पूर्वी बघितलाय. १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र इथे सुरू झालं आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज तारेवरून मिळू लागली. गिरणीत स्वतःचं वाफेचं इंजिन ठेवायची गरज उरली नाही. वापरा तेवढे पैसे भरा. क्लाउडही तेच. यंत्र दुसऱ्याचं, जागा दुसऱ्याची, तार मात्र आपल्यापर्यंत. (आणि टाटांची वीज तर खरोखरच ढगातल्या पाण्यावरची!)

तर समजा, कर्जत तालुक्यातल्या एका गिरणीच्या शेठने तुमच्या ग्रुपला काम सांगितलं : "बिलं सगळी क्लाउडवर आहेत. मला फक्त एवढं काढून द्या, कुठल्या गावाकडून किती उधारी येणं आहे?" ऐकायला किती सोपं! कशेळे एवढे, कळंब एवढे, चौक एवढे, वावोशी एवढे. पण एक लक्षात घ्या, या कागदावर शेठ वसुलीला माणूस पाठवणार आहे. ज्याने पैसे कधीच भरलेत त्याच्या दारात तो माणूस जाऊन उभा राहिला, तर पुढच्या हंगामात ते गिऱ्हाईक दुसरी गिरणी बघेल. हा एकच प्रश्न धरून ओआरएम समजून घेऊ.

ओआरएम म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर. नाव भारदस्त, काम दुभाष्याचं. १९७० साली आयबीएमच्या ई. एफ. कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं : माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते समान मूल्यांनी एकमेकांशी जोडायचे. त्यामुळे डेटाबेसमध्ये गिऱ्हाइकांचा तक्ता वेगळा, बिलांचा वेगळा, बिलातल्या मालाच्या ओळींचा आणखी वेगळा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र 'बिल' ही एक अख्खी वस्तू हवी असते, जिच्या पोटात गिऱ्हाईक आहे, माल आहे, कर आहे. ही दोन रूपं एकमेकांत नीट बसत नाहीत. मधे बसून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा तो मॅपर. तक्त्याला एक क्लास, ओळीला एक ऑब्जेक्ट, रकान्याला एक गुणधर्म. तुम्ही 'बिल.कस्टमर' असं लिहिता आणि एसक्यूएल तो लिहितो.

जावावाल्यांना गॅव्हिन किंग यांचं २००१ मधलं हायबरनेट माहीत असेल. मग रुबी ऑन रेल्स (२००४), पायथॉनचं जँगो (२००५), एसक्यूएलअल्केमी (२००६), मायक्रोसॉफ्टचं एंटिटी फ्रेमवर्क (२००८) अशी रांगच लागली. याच २००६ मध्ये टेड न्यूवर्ड यांनी एका लेखात ओआरएमला संगणकशास्त्रातलं व्हिएतनाम म्हटलं होतं. आत शिरताना सोपं वाटतं, पुढे गुंता वाढत जातो आणि बाहेर पडता येत नाही. मला हे मत जरा टोकाचं वाटतं. ओआरएम न वापरता चाळीस तक्त्यांचं सॉफ्टवेअर हाताने लिहून बघा म्हणजे कळेल. पण त्या लेखातली चिंता खोटी नव्हती, हे पुढे येईलच.

उदाहरणाला परदेशी सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. ईआरपीनेक्स्ट हे बिलिंग, साठा, हिशेब असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईत घडलंय. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली कंपनी आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे हॉस्टेलच्या खोलीत स्वतःच्या लॅपटॉपवर फुकट चढवून त्याची चिरफाड करता येते. खाली मारियाडीबी डेटाबेस, वर पायथॉन, आणि मधे फ्रॅपेचं स्वतःचं ओआरएम. यात प्रत्येक प्रकारच्या कागदाला 'डॉकटाइप' म्हणतात : सेल्स इन्व्हॉइस, कस्टमर, पेमेंट एंट्री. प्रत्येक डॉकटाइपमागे एक तक्ता, आणि बिलातल्या मालासारख्या पोटओळींसाठी वेगळे तक्ते.

आता शेठच्या प्रश्नाचं उत्तर कुणीही पहिल्यांदा लिहील ते असं (नावं इथे छपाईसाठी देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थात रोमन) :

बिलं = फ्रॅपे.गेट_ऑल("सेल्स इन्व्हॉइस")
बिलं मधल्या प्रत्येक बि साठी :
    बिल = फ्रॅपे.गेट_डॉक("सेल्स इन्व्हॉइस", बि.नेम)
    गि = फ्रॅपे.गेट_डॉक("कस्टमर", बिल.कस्टमर)
    बाकी[गि.टेरिटरी] += बिल.आउटस्टँडिंग_अमाउंट

पाच ओळी. वाचायला मराठीइतक्या सरळ. ओआरएमचं खरं यश हेच आहे. आणि खरी अडचणही याच पाच ओळींत आहे, कारण यातली कुठली ओळ स्वस्त आणि कुठली महाग हे दिसतच नाही. 'बिल.कस्टमर' ही ओळखीची वस्तू हाताशी असल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती लांब कुठेतरी, दुसऱ्याच्या यंत्रावर आहे.

हिशेब करून बघू. बिलं ४०० आहेत असं धरा. यादी आणायला १ विनंती, प्रत्येक बिल उघडायला १ म्हणजे ४००, प्रत्येक बिलाचं गिऱ्हाईक आणायला आणखी ४००. एकूण ८०१. (गिऱ्हाईक तेच असलं तरी दरवेळी नव्याने विचारलं जातं.) हा प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालत असेल तर डेटाबेस शेजारच्या खोलीत असतो, निभावून जातं. पण तुम्ही हॉस्टेलवरून इंटरनेटमार्गे विचारताय. एका जाण्यायेण्याला ८० मिलिसेकंद धरले तर ८०१ खेपांना ६४ सेकंद झाले. मिनिटभर पडदा पांढरा! आणि शेठ म्हणणार, "यापेक्षा आमचे दिवाणजी वही लवकर उघडतात."

यालाच 'एन प्लस वन' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कर्जतहून मुंबईला ८०१ पोती पोचवायची आहेत. सीएसएमटी शंभर किलोमीटर, लोकलने साधारण दोन तास. एक पोतं घेऊन गेलात, रिकाम्या हाताने परत आलात, दुसरं पोतं उचललंत. यात गाडी लेट नाही, हमाल आळशी नाही, पोतंही जड नाही. खेपाच जास्त आहेत. म्हणून इथे लॅपटॉपची रॅम वाढवून किंवा प्रोग्रॅम 'ऑप्टिमाइझ' करून काही होत नाही. गाडीत एकदम माल भरायला हवा.

तो असा भरायचा. बिलं मागतानाच सांगायचं की मला फक्त कस्टमर आणि आउटस्टँडिंग_अमाउंट हे दोन रकाने हवेत, आणि बाकी शून्यापेक्षा जास्त असलेलीच बिलं हवीत. ही एक खेप. त्यातून गिऱ्हाइकांची नावं गोळा करायची, दुबार काढून टाकायची, आणि 'ज्यांचं नाव या यादीत आहे असे सगळे कस्टमर, फक्त नाव आणि टेरिटरी' अशी दुसरी खेप. मग पायथॉनच्या डिक्शनरीत दोन्हीची सांगड घालायची. ८०१ च्या जागी २. याहून पुढे जायचं तर बेरीजही डेटाबेसकडूनच करून घ्यायची, गिऱ्हाइकावर ग्रुप बाय करून. मग ४०० ओळीसुद्धा तारेवरून येत नाहीत. प्रत्येक ओआरएममध्ये या सोयी आहेत, नावं तेवढी वेगळी. जँगोत सिलेक्ट_रिलेटेड आणि प्रीफेच_रिलेटेड, हायबरनेटमध्ये जॉइन फेच, एंटिटी फ्रेमवर्कमध्ये इन्क्लूड. व्हायवात हे विचारतात, तेव्हा पाठ करा हवं तर. पण आधी खेपा मोजायला शिका.

इथवरची गोष्ट वेगाची झाली. खरं सांगायचं तर संथ प्रोग्रॅमची मला फारशी भीती वाटत नाही, कारण तो संथ आहे हे सगळ्यांना दिसतं. भीती वाटते ती झटपट चालून चुकीचा आकडा देणाऱ्या प्रोग्रॅमची.

ईआरपीनेक्स्टकडून बाहेरून, म्हणजे रेस्ट एपीआयने, बिलांची यादी मागितली आणि किती ओळी हव्यात ते सांगितलं नाही, तर २० ओळी येतात. एरर नाही, इशारा नाही, उत्तर अगदी यशस्वी. तुम्ही टेस्टिंगला पंधरा बिलं टाकलेली असतात, त्यामुळे टेस्टिंगमध्ये बेरीज पै न पै जुळते. शेठच्या खऱ्या डेटावर मात्र ४०० पैकी २० बिलांची बेरीज छापून येते. वर आणखी एक गंमत आहे : यादी सहसा ताज्या नोंदी आधी अशा क्रमाने येते. म्हणजे गेल्या आठवड्याची बिलं दिसतात आणि दोन दिवाळ्या थकलेली उधारी, जिच्यासाठी शेठने हा खटाटोप मांडला, नेमकी तीच गळते! त्यामुळे पान किती ओळींचं आणि कुठल्या ओळीपासून हे दरवेळी सांगायचं, आणि रिकामं पान येईपर्यंत पुढची पानं मागत राहायचं. क्रमही एखाद्या न बदलणाऱ्या रकान्यावर, उदाहरणार्थ बिलाच्या क्रमांकावर, बांधून घ्यायचा. नाहीतर तुम्ही तिसरं पान मागत असताना तिकडे कुणी नवीन बिल फाडलं की सगळ्या ओळी एकेक घर सरकतात आणि एखादं बिल दोनदा येतं.

सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीची (स्थापना १९९९) तऱ्हा वेगळी. मुंबई-पुण्यात नोकरीला लागलात तर हिच्याशी गाठ पडायची दाट शक्यता. तिच्याकडे एसओक्यूएल नावाची स्वतःची प्रश्नभाषा आहे. दिसायला एसक्यूएलसारखी, पण कुठलाही तक्ता कुठल्याही तक्त्याला जोडायची मुभा तीत नाही. आधी आखून ठेवलेल्या नात्यांवरूनच जाता येतं. जँगोचं ओआरएम सेल्सफोर्सवर चालवणारी 'जँगो-सेल्सफोर्स' नावाची लायब्ररी आहे. ती वापरली की कोड नेहमीच्या जँगोसारखाच दिसतो, पण खाली डेटाबेसची तार नसून एचटीटीपीच्या विनंत्या असतात, आणि जे जॉइन मूळ भाषेत नाहीत ते वरून ओआरएमलाही आणता येत नाहीत. दुभाष्या कितीही हुशार असला तरी समोरच्याच्या भाषेत नसलेला शब्द तो कुठून आणणार? शिवाय सेल्सफोर्सच्या सर्व्हरवर चालणाऱ्या एपेक्स प्रोग्रॅमला एका व्यवहारात १०० प्रश्नांची आणि ५०,००० ओळींची मर्यादा आहे. वरची आपली पाच ओळींची पद्धत तिथे १०१ व्या प्रश्नाला धाडकन पडते. मला हे बरं वाटतं. निदान तिथे घोटाळा ओरडून सांगतो.

तिसरी गोष्ट ओआरएमच्या पुस्तकात सापडत नाही, ती हिशेबनिशी आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येक कागदावर 'डॉकस्टेटस' नावाचा एक आकडा असतो. ० म्हणजे कच्चा, १ म्हणजे पक्का, २ म्हणजे रद्द. पक्क्या बिलात रक्कम बदलता येत नाही. आधी ते रद्द करायचं आणि दुरुस्त प्रत काढायची. दुरुस्त प्रतीला जुनाच क्रमांक मिळतो, मागे '-१' लागून. समजा 'कर्जत ३' तांदळाचा दर चुकला म्हणून दिवाणजींनी बिल रद्द करून नवीन काढलं. तक्त्यात आता दोन्ही आहेत. वरच्या कोडमध्ये डॉकस्टेटसचा उल्लेखच नाही! त्या पद्धतीने वर्षाची विक्री काढलीत तर हा तांदूळ दोनदा विकला गेला. उधारी काढलीत तर कुणीतरी अर्धवट सोडलेलं कच्चं बिल बाकी म्हणून उभं राहील. डॉकस्टेटस १ हवा, एवढी एक अट घालायची. पण ती घालायला हवी हे सुचण्यासाठी गिरणीत तासभर बसावं लागतं, आणि लॅबमध्ये ते सुचत नाही. तसंच उचलीचं. गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम दिली आणि ती कुठल्या बिलाला लावलेली नसेल, तर बिलावर पूर्ण बाकी दिसते आणि पैसे पेमेंट एंट्रीत पडून असतात. वसुलीचा माणूस नेमका अशाच दारात जातो. म्हणून नुसत्या बिलांवर विसंबू नये, खतावणीतल्या, म्हणजे जनरल लेजरच्या जमा-नावेशी ताडून बघावं.

फ्रॅपेत गेट_लिस्ट आणि गेट_ऑल अशी दोन जुळी भावंडं आहेत. गेट_लिस्ट विचारणाऱ्याचे अधिकार तपासतं, गेट_ऑल तपासत नाही. शेठची एक शाखा खालापूरला असेल आणि तिथल्या ऑपरेटरने फक्त तिथलीच गिऱ्हाइकं बघायची असतील, तर वेबपेजमागे गेट_ऑल ठेवलंत की त्याला कर्जतची सगळी उधारी दिसली. उलट गेट_लिस्ट ठेवलंत तर तोच रिपोर्ट शेठला एक बेरीज दाखवतो आणि ऑपरेटरला दुसरी, दोन्ही बरोबर! हे आधी सांगून ठेवलं नाही तर गिरणीत भांडण लागेल. रिपोर्टवर 'कुणाच्या नावाने काढला' ही ओळ छापा, निम्मा त्रास वाचतो.

"मग सरळ एसक्यूएलच लिहू की!" असं म्हणणारे प्रत्येक वर्गात दोन-चार असतातच. स्वतःच्या सर्व्हरवर लिहा ना, किचकट रिपोर्टला तेच योग्य. फक्त गिऱ्हाइकाचं नाव वाक्यात थेट चिकटवू नका. रायगडात डि'सोझा आडनावाची माणसं आहेत, त्यांच्या नावातल्या एका टिंबाएवढ्या चिन्हाने प्रश्न अर्ध्यात तुटतो. आणि तुटतो तिथे दुष्ट माणसाला स्वतःचं एसक्यूएल घुसडता येतं. मूल्यं वेगळी पाठवायची, जागा धरून. ओआरएम हे काम न सांगता करतं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. आणि लिहायचं, म्हणजे डेटा बदलायचा असेल, तेव्हा तर ओआरएमला वळसा घालूच नका. कागद पक्का होताना साठा आणि खतावणी बदलणारे सगळे नियम तिथेच बसलेले असतात. आपल्या प्रश्नाला लिहायचा अधिकार लागतच नाही. शेठकडून फक्त वाचायचा अधिकार असलेला वेगळा युजर मागून घ्या आणि त्याचीच किल्ली वापरा. ती किल्ली कोडमध्ये लिहून अख्ख्या विंगच्या पेनड्राइव्हवर फिरवायची नाही, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना सांगावं लागू नये, पण लागतं.

राहिला प्रश्न, ओआरएम आत काय करतंय ते बघायचं कसं. फ्रॅपेत 'रेकॉर्डर' नावाचं साधन आहे : सुरू करा, आपलं पान उघडा, बंद करा, आणि त्या एका पानामागे किती एसक्यूएल गेली, कुठली किती वेळ चालली ते वाचा. हायबरनेटला शो_एसक्यूएल चालू करता येतं, जँगोला डीबग टूलबार लावता येतो. रेस्टने विचारत असाल तर सर्व्हरच्या आतलं दिसणार नाही, पण आपण किती विनंत्या पाठवल्या ते मोजणं आपल्याच हातात आहे; एक काउंटर पुरतो. पाच ओळींच्या त्या प्रोग्रॅमवर हे एकदा करून बघा. एकाच वाक्याच्या शेकडो प्रती खाली घसरत जाताना दिसतात.

आणि रिपोर्ट शेठच्या हातात देण्याआधी दिवाणजींकडे जा. पाच गिऱ्हाइकं त्यांनाच निवडू द्या : एक रद्द बिलवालं, एक आगाऊ रक्कम दिलेलं, एक माल परत केलेलं, एक जुनं थकलेलं, एक अगदी साधं. त्या पाचांची बाकी ते वहीवरून किंवा पडद्यावरची खाती एकेक उघडून काढतील. तुमचा आकडा त्याशेजारी मांडा. जुळला नाही, तर कुठलं बिल जास्तीचं आलं किंवा गळलं हे तेच बोट ठेवून दाखवतील, बहुधा तुमच्याआधी. चहा तेच पाजतात.